आतल्या पानावरचा खुलासा

९ फेब्रुवारी

चादरी पिळून दोरीवर टाकल्या होत्या, दुधाचं पातेलं घासायचं राहिलं होतं, आणि तुमचे दादा स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलायला बसले होते. सगळ्या शहराला पाणी सोडणाऱ्या माणसाच्या घरचा नळ गळतो, म्हणून मी त्यांना आठवडाभर चिडवत होते. "पकड दे," म्हणाले. मी दिली. "ही नाही गं, मोठी." मी मोठी आणायला बाहेरच्या खोलीत गेले. परत आले तर ते ओट्याला पाठ टेकून बसले होते. मुख्य चावी त्यांनी आधीच बंद केली होती, त्यामुळे घरात कसलाच आवाज नव्हता.

भाऊजी, एवढं तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच छापलं होतं. फक्त पकडीच्या जागी तुम्ही चहाचा कप लिहिलात. वहिनी चहा घेऊन आल्या आणि कप हातातून पडला. मी तेव्हा काही बोलले नाही. म्हटलं, चहा वाचायला बरा वाटत असेल. बातमीचा मथळा होता, 'लस टोचली आणि माझा दादा गेला'. पंपावरच्या सगळ्यांना फ्लूची लस दिली होती त्याला दोन दिवस झाले होते, आणि सख्ख्या धाकट्या भावानेच लिहिलंय म्हटल्यावर ते खरं की खोटं हा प्रश्नच कोणाला पडला नाही. मला तर नाहीच.

पत्राला मायना घातलेला नाही, तो राहून गेला नाही. काय घालावा ते ठरत नाही.

काल दुपारी एक मुलगी आली. खांद्यावर पिशवी, पायांत धुळीने भरलेले बूट. "काकू, पाणी मिळेल?" आधी पाणी, मग प्रश्न. तुम्हीच शिकवत असाल. आमच्या भागात गोवर आलाय. समोरच्या शिंप्याच्या दोन्ही मुलांना झाला, धाकट्याला इस्पितळात ठेवलंय. ही मुलगी घरोघर विचारत फिरत होती, की तुमच्या मुलांना लस का दिली नाहीत.

"नोकरी आहे का ही तुझी?" मी विचारलं.

"नोकरी आहे, पण ती यासाठी फिरू देत नाही. एका संस्थेचा अभ्यासक्रम आहे, काकू. लसी, साथी, दवाखाने यांवर लिहिणाऱ्यांना शिकवतात आणि सहा महिने मानधन देतात. फिरण्याचा खर्चही मिळतो. नाहीतर आमचा संपादक बसच्या तिकिटालासुद्धा रडतो."

पोर बोलायला मोकळी होती. मी तिला चहा दिला, खराखुरा. मग मी तिला माझं सांगितलं. तेवढंच तर आहे माझ्याकडे सांगण्यासारखं. मी दवाखान्याच्या दारात नुसती उभी राहिले तरी आतल्या एकदोन बायका मुलांना उचलून परत फिरायच्या, हेही सांगितलं. मी कोणाला कधी नको म्हटलं नाही. माझ्याकडे बघूनच लोकांना पुरेसं व्हायचं.

बोलता बोलता मुलीने टेबलावरचं तिचं आवाज टिपायचं यंत्र बंद केलं.

"काकू, तुमचे मिस्टर पाण्याच्या पंपावर होते का?"

"तुला कसं ठाऊक?"

"ही गोष्ट आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवली."

शिकवली, म्हणाली. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तर म्हणाली, सर मोठ्या पडद्यावर पेपरचं पहिलं पान लावतात आणि विचारतात, यात काय चुकलंय ते सांगा. मुलं हात वर करतात. कोणी म्हणतं, डॉक्टरला विचारलेलंच नाही. कोणी म्हणतं, एका गोष्टीमागून दुसरी आली म्हणजे पहिलीमुळेच आली असं नसतं. मग सर सांगतात, की तपासणीचा निकाल पुढे आला. छातीतली मोठी रक्तवाहिनी फाटली होती. ती बऱ्याच दिवसांपासून फुगत चालली होती. लसीचा काही संबंध नव्हता.

"कधी कळलं हे सरांना?" मी विचारलं.

"महिन्याभरात."

"आणि घरच्यांना?"

मुलीने कप बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाली, "आमच्यातल्या एकाने विचारलं होतं. सर म्हणाले, वहिनींना माहीत आहे. त्या पेपरचा शब्द न् शब्द वाचतात."

भाऊजी, मी उठले आणि धुतलेले कप पुन्हा धुतले. मग पुसले. मग पुन्हा धुवायला घेतले तेव्हा त्या मुलीने माझा हात धरला आणि नळ बंद केला. पाच वर्षं झाली. तुमच्या वर्गातल्या चाळीस-पन्नास अनोळखी पोरांना माझा नवरा कशाने गेला ते ठाऊक आहे, दर वर्षी नव्या पोरांना ठाऊक होतं, आणि मी इथे बसून सगळ्यांना भलतंच सांगतेय.

वाचून झाल्यावर लगेच लिहायला बसू नका. इकडे निघून या. माझी लेक, तुमची संपादकबाई, कशी वागतेय ते तुम्हाला ठाऊक नाही. आठ वर्षांची असताना ती तुमच्या बातमीतल्या चुका पेन्सिलीने दाखवायची, म्हणून तुम्हीच तिला ते नाव ठेवलंत. आता तिची पोर चालायला लागलीय. चांगली गुबगुबीत आहे, मी तिला भोपळी म्हणते. भोपळीला आजवर एकही लस दिलेली नाही. तिच्या आईने तुमची बातमी फोनमध्ये जपून ठेवलीय. कोणी काही म्हटलं की ती काढून दाखवते. आणि शिंप्याचं घर त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

तुमची वहिनी


१७ फेब्रुवारी

भाऊजी,

मी या म्हटलं होतं आणि तुम्ही पत्र पाठवलंत. ठीक आहे.

तुम्ही लिहिता की तुम्ही खुलासा छापला होता. पान सात. वहिनी पहिल्या पानापासून शेवटच्या ओळीतल्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत सगळं वाचतात, तेव्हा हेही वाचलं असणार असं तुम्ही धरून चाललात. मग माझा निरोप नाही, काही नाही, म्हणून तुम्हाला वाटलं की मी कायमचं तोंड फिरवलं. म्हणून तुम्ही येणं सोडलंत. आणि मी इथे समजत होते की दीर मोठ्या पेपरात गेले, त्यांना आता आमच्याकडे यायला वेळ कुठला. तुम्ही माझ्या रागाला भिऊन पाच वर्षं लांब राहिलात, आणि मला राग आलेलाच नव्हता. आता आलाय.

खुलाशाचं कात्रण पाठवलंत ते बरं केलंत. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मोठ्याने वाचलं. 'आमच्या गेल्या महिन्यातील एका अंकात पहिल्या पानावर प्रसिद्ध झालेल्या वृत्तात नमूद केलेल्या कारणास वैद्यकीय तपासणीतून दुजोरा मिळालेला नाही. वाचकांनी कृपया नोंद घ्यावी.'

यात ते कुठे आहेत, भाऊजी? माणूस कुठे आहे? लस हा शब्द नाही. भाऊ हा शब्द नाही. कोण मेलं, मेलं की नाही, काहीच नाही. तुम्ही लिहिता, चूक दुरुस्त करताना ती पुन्हा छापायची नाही अशी पद्धत आहे, नाहीतर वाचकाच्या डोक्यात चूकच पक्की बसते. असेल. पण मग दुरुस्ती कशाची, हे वाचकाने कुठून ओळखायचं?

आता एक सांगते, ते वाचून तुम्हाला काय वाटेल मला माहीत नाही. ते पान मी वाचलं होतं. नक्की वाचलं होतं. कारण त्याच पानावर एका माणसाची पोपट हरवल्याची जाहिरात होती. पोपट शिव्या देतो, तरी कृपया परत करावा, असं लिहिलेलं. मी ती लेकीला वाचून दाखवली होती आणि तिचे बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच खळखळून हसली होती. तुमच्या कात्रणावर त्या जाहिरातीची वरची ओळ आलीय. खुलासा पोपटाच्या बरोब्बर वर आहे. म्हणजे माझी नजर त्यावरून गेली. मी वाचायला शिकले तीच मुळी तुमच्या पेपरांच्या रद्दीवर. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण अक्षर सोडलं नाही. आणि माझ्याच घरची गोष्ट डोळ्यांखालून गेली, ती मला ओळखता आली नाही. कात्रण हातात आलं तेव्हापासून घरातली कामं करते, पण स्वतःला लांबून बघितल्यासारखं वाटतं.

तुमच्या पत्रातलं बाकीचं मला समजलं. नवी तुकडी सुरू होतेय, पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं पाहणीला येणार आहेत, महिनाअखेरपर्यंत तुम्हाला हलता येणार नाही. तोवर एक सोपं माहितीपत्रक पाठवताय, ते मी संपादकबाईला द्यावं.

दिलं. काय झालं ते ऐका. ती भोपळीला भरवत होती.

"कोणी दिलं हे?"

"काकांनी पाठवलंय."

"कुठल्या काकांनी? ज्यांनी बाबांचं लिहिलं त्यांनी?"

"तेच. ते म्हणतात, तेव्हा त्यांची चूक झाली. लसीने नाही गेले तुझे बाबा."

तिने चमचा खाली ठेवला. "आई, तू बरी आहेस ना? त्या दिवशी त्या बातमीदार पोरीने तुझ्या डोक्यात काय भरवलं?"

"अगं, तपासणी झाली होती. छातीतली नस—"

"मग पाच वर्षं काय तू मला गोष्टी सांगत होतीस?"

भोपळीने तेवढ्यात ते माहितीपत्रक तोंडात घातलं आणि त्याचा कोपरा चावून ओला केला. कोणी तरी ते मनापासून घेतलं म्हणायचं.

जावयांचं विचाराल, तर ते बाहेरगावी कामावर असतात आणि फोनवर "ती म्हणेल तसं" एवढंच म्हणतात.

माझं ती ऐकणार नाही, भाऊजी. माझ्या तोंडून तिने एकच गोष्ट इतकी वर्षं ऐकली, आता दुसरी ऐकली तर आईचं वय झालं असंच तिला वाटणार. ज्याने ते लिहिलं त्यानेच येऊन सांगायला हवं. शिंप्याचा धाकटा अजून इस्पितळातच आहे. त्याच्या छातीत कफ भरलाय म्हणतात.

वहिनी


२८ फेब्रुवारी

भाऊजी,

पेपर पाहिला. पहिलं पान. या वेळी सगळं आहे. लस आहे, भाऊ आहे, रक्तवाहिनी आहे, तुमची चूक आहे, तिथे तुम्ही माफीही मागितलीत. चहा नाही, पकड आहे. म्हणजे माझं पत्र तुम्ही नीट वाचलंत. माझ्याबद्दल जे लिहिलंत तेही खोटं नाही. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसले. बसल्यावर कळलं की मी ओट्याला पाठ टेकून बसलेय. तशीच उठले.

पण छापण्याआधी तुम्ही मला ते वाचून दाखवलं नाहीत. त्या मुलीने सांगितलं की तुमच्या अभ्यासक्रमात हा मोठा धडा आहे. ज्याच्या आजाराबद्दल, मरणाबद्दल लिहायचं, त्याला किंवा त्याच्या माणसांना आधी ऐकवायचं. तुम्ही डॉक्टरांना ऐकवलं असेल, इस्पितळाला ऐकवलं असेल. वहिनी घरचीच, तिला काय विचारायचं. खरं ना? पहिल्या वेळीही तसंच झालं होतं. घरचं माणूस तुमच्या नियमात बसतच नाही.

ते असो. ज्यासाठी छापलंत ते झालं नाही. संपादकबाई पेपर घेऊन स्वतः माझ्याकडे आली. भोपळी कडेवर.

"वाचलंस?"

"वाचलं."

"खाली काय लिहिलंय बघ. बारीक अक्षरात." तिने बोट ठेवलं. हा लेख अमुक संस्थेच्या आरोग्य पत्रकारिता अर्थसाहाय्यातून तयार झाला आहे. "म्हणजे पैसे घेऊन लिहिलंय, आई. ज्यांना लस खपवायचीय त्यांनी लिहून घेतलं."

"ते लपवत नाहीत म्हणूनच खाली छापतात. लपवायचं असतं तर छापलं असतं का?" त्या मुलीने मला समजावलं होतं तसं मी तिला सांगितलं.

"तेव्हा काकांना कोणी पैसे दिले होते? नाही ना? रडत रडत लिहिलं होतं. ते खरं असतं. हे असलं नाही."

बघा, भाऊजी. फुकट लिहिलेलं खरं आणि मानधन घेऊन लिहिलेलं खोटं. तिला समजावणारं वाक्य माझ्याकडे नाही, आणि तुमच्या पूर्ण पानातही मला ते सापडलं नाही. तुमच्या वाट्याला दुःख आलं की तुम्ही ते छापता. बरं वाटायला हवं तरी छापता, माफी मागायची तरी छापता. आमच्या जिन्यात उभं राहून दोन वाक्यं तोंडाने बोलणं तुम्हाला इतकं अवघड का आहे?

आणखी एक बातमी आहे, ती तुमच्या पेपरात आलेली नाही. शिंप्याचा धाकटा काल गेला. मी त्याच्या आईजवळ जाऊन बसले होते. तिने त्याला लस का दिली नव्हती, हे मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. "दवाखान्यात गेले होते, मावशी. दारातूनच परत आले." मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही. त्या दिवशी दारात मी उभी होते की नाही, मला माहीत नाही. तिला माहीत असेल.

हे लिहून मी थांबले होते. पुन्हा बसले.

तुमची पाहणी संपली असेल. नसेल संपली तरी या. येताना काही आणू नका. कागद तर मुळीच नको.

वहिनी


११ मार्च

भाऊजी,

तुम्ही जाताना जिन्यात म्हणालात, "वहिनी, उपयोग झाला नाही." मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देते, कारण तुम्हाला पुढचं ठाऊक नाही.

आधी त्या संध्याकाळबद्दल. तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हा मी तुम्हाला ओळखलं ते खांद्यांवरून. दादांचे खांदे तसेच होते, एक जरा खाली. मला वाटलं होतं, तुम्ही येताच मी खूप काही बोलेन. माझ्या तोंडून निघालं ते, "बूट तिथे काढा." आपण तसेच संपादकबाईकडे गेलो. तिने तुम्हाला बसा म्हटलं नाही. तुम्हीही बसला नाहीत, ते बरं केलंत.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला की बाबा लसीने गेले?" तिने विचारलं.

"कोणी नाही," तुम्ही म्हणालात.

"डॉक्टर?"

"डॉक्टरला मी विचारलंच नव्हतं. संपादकांनी विचारलं, भाऊ कशाने गेला रे? मी म्हटलं, परवाच लस घेतली होती. ते म्हणाले, लिही. मी लिहायला बसलो. लिहिताना बरं वाटत होतं गं. कोणाचा तरी दोष होता. कोणाचाच नसता तर मी काय केलं असतं?"

हे तुम्ही पेपरात लिहिलं नव्हतंत. हे मी पहिल्यांदा ऐकलं. तिनेही.

मग ती जे बोलली ते तुम्ही ऐकलंत, पण तुम्ही तेव्हा खाली बघत होतात, म्हणून पुन्हा लिहिते. ती म्हणाली, "काका, बाबांबद्दल जगात कोणी काही लिहिलंय का? पंपावर इतकी वर्षं काढली, एक ओळ नाही कुठे. तुम्ही लिहिलंत तेवढंच. ते मी पाठ केलंय. ते खोटं म्हणायचं, तर माझ्याकडे बाबांचं छापलेलं काहीच उरत नाही."

मग तिने म्हटलं, "जा आता. पोरीला झोपवायचंय." आणि दार लावलं. म्हणून तुम्हाला वाटलं की उपयोग झाला नाही.

मला वाटलं होतं की तिला लसीची भीती आहे. इतके दिवस मी तिच्या भीतीशी भांडत होते, आणि तिला भीती कमी होती. ती बापाला धरून बसली होती. हे मला त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भांडी घासताना उमगलं आणि पातेलं हातातून निसटलं. मग मी एक काम केलं. त्या शिकाऊ मुलीला बोलावलं, पंपावर घेऊन गेले. पंपावरचा जुना वायरमन आता मुकादम झालाय. दादांनी कुठली झडप कशी बसवली, पूर आला तेव्हा सगळे घरी पळाले आणि हे कसे आतच राहिले, साहेबाला तोंडावर कसे म्हणाले की "पाणी तुमच्या सहीने चढत नाही", ते सगळं तो हातवारे करून सांगत होता. मुलगी लिहून घेत होती. मी तिला दोनच अटी घातल्या. आधी मला वाचून दाखवायचं आणि मग माझ्या लेकीला. आणि त्यात लसीचा एक शब्द नको. ती म्हणाली, "काकू, मग या लेखाला मानधन मिळणार नाही. विषयात बसत नाही." मी म्हटलं, "नको बसू दे." ती हसली आणि म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी लिहीन." लिहिलं. कुठे छापून येईल तेव्हा येवो. तिने लेकीकडे जाऊन ते वाचून दाखवलं. मी तिथे नव्हते. मला बोलावलं नव्हतं.

सोमवारी सकाळी संपादकबाई माझ्या दारात आली. भोपळीच्या अंगावर नवा फ्रॉक होता. मी चपला घातल्या.

दवाखान्याच्या दारात माझे पाय थांबले. आतल्या बाकावर चारपाच बायका होत्या, त्यातल्या दोघी मला ओळखतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भोपळीकडे. मी आत गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. कोणी उठलं नाही. परिचारिका मुलीला खेळवत खेळवत टोचून मोकळी झाली. भोपळी आधी आश्चर्याने बघत राहिली आणि मग तिने असा गळा काढला की बाहेरच्या कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली. संपादकबाई रडत होती ते मला दिसलं, पण मी तिकडे पाहिलं नाही. परिचारिका म्हणाली, "ताप आलाच तर आठवड्याभराने, थोडासा येईल. घाबरू नका, आजी."

तुम्ही विचारलं होतं, ही गोष्ट यापुढे वर्गात सांगू का? सांगा. पण कोणी विचारलं, घरच्यांना कळवलंत का, तर जे घडलं तेच सांगा. म्हणा, वहिनीला पाच वर्षांनी एका शिकाऊ मुलीने सांगितलं. आणि शिंप्याच्या मुलाबद्दल सांगा. त्याची आई अजून माझ्याशी बोलत नाही. मी रोज तिच्या दारावरून जाते. तुम्हाला मी माफ केलं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, आणि मलाही ते अजून ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात आलात तर जेवायला थांबा.

तुमच्यापासून काही लपवायचं नाही, म्हणून हेही लिहिते. लसीने काही होत नाही हे मला आता नीट समजलंय. तुमचं पान मी समजून वाचलं, त्या मुलीला उलटसुलट प्रश्न विचारले, डॉक्टरांनाही विचारलं. समजलंय. पण टोचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच लेकीकडे गेले आणि अंधार पडेपर्यंत भोपळीजवळ बसून राहिले.

तुमची वहिनी